एअर इंडिया डळमळत असताना जेटला लांब पल्ला का पेलला नाही?

गिरगावकर:
ऑगस्ट २००७ च्या पहिल्याच आठवड्यात मुंबईहून अमेरिकेला जाणाऱ्या दोन नव्या सेवा सुरू झाल्या. १ तारखेला एअर इंडियाने बोइंग ७७७-२०० एलआर विमानाने न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळापर्यंत विनाथांबा उड्डाण सुरू केले आणि ५ तारखेला जेट एअरवेजने ब्रसेल्समार्गे नेवार्क गाठले. एअर इंडियापुढे तेव्हा इंडियन एअरलाइन्सशी विलीनीकरण आणि १११ विमानांच्या खरेदीचा बोजा अशी दोन ओझी होती, तर जेटचा देशात उत्तम दबदबा होता. तरीही सरकारी कंपनीची घसरण जेटच्या पथ्यावर पडली नाही आणि १७ एप्रिल २०१९ रोजी जेटचेच उड्डाण थांबले. याचे मूळ कशात आहे, यावर जाणकारांनी लिहावे.

विमानवेडा:
ब्रसेल्सची कल्पना कागदावर चोख होती. मुंबई, दिल्ली आणि चेन्नईहून निघालेली विमाने सकाळी तिथे एकत्र यायची, प्रवाशांची अदलाबदल व्हायची आणि तीच विमाने पुढे नेवार्क, न्यूयॉर्क व टोरांटोकडे रवाना व्हायची. मात्र एका विमानाला उशीर झाला की उरलेल्यांचेही वेळापत्रक कोलमडण्याचा धोका त्यातच होता. शिवाय जेटने आपल्या ७७७-३०० ईआर विमानात दरवाजे सरकवून बंद करता येतील अशा पहिल्या वर्गाच्या खोल्या बसवल्या आणि एकूण आसने ठेवली ३१२. त्याच जातीच्या विमानात एअर इंडियाने ३४२ बसवली होती. जुलै २००८ मध्ये कच्चे तेल पिंपाला १४७ डॉलरवर गेले, पाठोपाठ मंदी आली, आणि नवी कोरी विमाने तुर्की कंपनीला भाड्याने द्यावी लागली. एअर सहारा ही विमान कंपनी विकत घेण्यासाठी आदल्याच वर्षी मोजलेले १,४५० कोटी रुपये तर निव्वळ हौसेचा सौदा होता, असे माझे स्पष्ट मत आहे.

सहारवासी:
आसने आणि तेल ही कारणे मान्य आहेत, पण विमानवेडा यांनी मुख्य गोष्ट बाजूलाच ठेवली आहे. लांब पल्ल्याचे विमान एका शहराच्या प्रवाशांवर भरत नाही, त्याला चहूकडून माणसे आणून द्यावी लागतात. नागपूरहून मुंबईला आलेला प्रवासी त्या काळी सांताक्रूझच्या देशांतर्गत टर्मिनलवर उतरायचा आणि परदेशी विमानासाठी बसने सहारच्या आंतरराष्ट्रीय टर्मिनलवर जायचा. मध्यरात्री, म्हातारे आईवडील आणि मुले सोबत असताना हा फेरा कोण आनंदाने करेल? देशी आणि परदेशी अशा दोन्ही विमानांसाठीचे सहारचे नवे टर्मिनल २०१४ मध्ये उघडले, तोवर बराच उशीर झाला होता. इकडे एमिरेट्स कोची, हैदराबाद, अहमदाबाद, कोलकाता अशा शहरांतून प्रवासी थेट दुबईला नेत होती. दुबईसाठी दोन्ही बाजूंना आठवड्याला प्रत्येकी सुमारे ६५ हजार आसनांची परवानगी भारत-दुबई करारानेच मिळाली. एअर इंडियाने गमावलेला प्रवासी जेटकडे येण्याआधी आखाताकडे वळला होता.

हिशेबनीस:
सहारवासी यांच्या मुद्द्याला एक जोड देतो. एअर इंडिया तोट्यात होती म्हणून तिने मैदान सोडले, असे कधी झालेच नाही. २०१२ मध्ये सरकारने तिच्यासाठी सुमारे ३० हजार कोटी रुपयांचे भांडवल टप्प्याटप्प्याने देण्याचे मान्य केले. त्यामुळे खासगी कंपनीला तोट्यातही तिकिटे विकत राहणाऱ्या प्रतिस्पर्ध्याशी झुंजावे लागले. गंमत अशी की एअर इंडियाची पाच बोइंग ७७७-२०० एलआर विमाने शेवटी अबू धाबीच्या एतिहादने विकत घेतली आणि त्याच एतिहादने २०१३ मध्ये जेटचे २४ टक्के भागभांडवलही घेतले. त्यानंतर जेटचे प्रवासी मोठ्या प्रमाणावर अबू धाबीमार्गे जाऊ लागले.

गिरगावकर:
सर्वांचे आभार. मग इंडिगोने जुलै २०२५ मध्ये मुंबईहून मँचेस्टर आणि अ‍ॅम्स्टरडॅम सुरू केले, त्याकडे कसे पाहावे?

सहारवासी:
एअर इंडिया जानेवारी २०२२ पासून टाटांकडे असल्यामुळे सरकारी तिजोरीशी झुंज आता उरलेली नाही. इंडिगोकडे देशभरातून प्रवासी आणून देणारे जाळे आहे, हा जेटच्या तुलनेत तिचा मोठा फायदा आहे. पहिली बोइंग ७८७ विमाने तिने नॉर्स अटलांटिक या नॉर्वेच्या कंपनीकडून वैमानिकांसह भाड्याने घेतली, म्हणजे मार्ग चालला नाही तर परत करता येतील. खरी कसोटी मागवलेली ६० एअरबस ए-३५० ही लांब पल्ल्याची विमाने हाती येऊ लागतील तेव्हा आहे, कारण त्यांचे हप्ते आसने रिकामी असली तरी भरावेच लागतील.