मदत हवी आहे: गणपतीच्या जादा रेल्वेगाड्यांचा गूगल अलर्ट नीट कसा लावायचा?

चिपळूण-रत्नागिरी-कुडाळ पट्ट्यातल्या जादा गाड्यांची बातमी आली की लगेच मेल यावा, रोज चार बातम्यांच्या साइट्स चाळत बसायला नको, एवढंच हवंय.

सध्याची सेटिंग: शब्द "गणपती विशेष गाडी" अवतरणचिन्हांत, भाषा मराठी, प्रदेश भारत, मेल दिवसातून एकदा, फक्त निवडक निकाल. पाच-पाच दिवस काही येत नाही. अवतरणचिन्हं काढली तर मखर, मोदक, मंडपाचे वाद, सगळं येतं. वजाचं चिन्ह लावून ‘-मोदक -मखर’ केलं, थोडा गाळ कमी झाला इतकंच.

खरी गोची विभक्तीची वाटते. बातमीत ‘गाड्यांचे’, ‘रत्नागिरीहून’, ‘कुडाळपर्यंत’ असं असतं. अवतरणात अडकवलेला शब्द तसाच्या तसा जुळला तरच पकडतो. शिवाय कोणी ‘स्पेशल’ लिहितं, कोणी ‘जादा’.

तर विचारायचं असं:

प्रत्येक रूपाचा वेगळा अलर्ट लावून डायजेस्टने सगळे एकाच मेलमध्ये घ्यावेत, की एकाच अलर्टमध्ये ‘किंवा’वाला इंग्रजी शब्द OR कॅपिटलमध्ये घालून पर्याय जोडावेत? मराठीत हे कोणाचं नीट चालतंय का?

साइट कोलन (site:) लावून फक्त कोकण रेल्वेच्या संकेतस्थळापुरता अलर्ट ठेवला तर पुरेल का? फोटो म्हणून टाकलेलं पत्रक त्यात सापडेल असं वाटत नाही.

आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं, ती तारीख कॅलेंडरात आहेच. प्रश्न फक्त मागाहून जाहीर होणाऱ्या गाड्यांचा. चालू असलेल्या अलर्टचे नेमके शब्द कोणी देईल का?