पारदर्शक पिवळी काच: बुडबुडे, फिकट रंग आणि फिरोजीभोवती तपकिरी कडा

मणीकाम_पुणे:
टॉर्चवर काचेचे मणी करतो. मुरानोची १०४ सीओईची (सीओई म्हणजे तापल्यावर काच किती प्रसरण पावते त्याचा आकडा) पारदर्शक पिवळी काचेची कांडी आहे, ५-६ मिमी जाडीची. टॉर्च एलपीजीवर, सोबत ५ लिटरचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर. १२ मिमीच्या गोल मण्यात बारीक बुडबुडे राहतात, रंग कांडीपेक्षा फिका येतो आणि वर दिलेल्या फिरोजी ठिपक्यांभोवती तपकिरी कडा धरते. तिन्हींचं कारण एकच आहे का?

ज्योत_आणि_काच:
नाही, तिन्ही वेगवेगळी आहेत. बुडबुडे येतात ते काच उकळल्यामुळे. टॉर्चच्या तोंडाशी असलेल्या निळ्या शंकूंच्या अगदी टोकाशी कांडी धरली की पिवळी काच इतर रंगांच्या आधी उकळते. शंकूंपासून ६-८ सेंमी पुढे धरा आणि टोकाचा वितळलेला गोळा मधासारखा ओघळायला लागला की लगेच मण्याच्या सळीवर गुंडाळा, पातळ होईपर्यंत थांबू नका. कांडीचं टोक आधी ज्योतीच्या लांबच्या भागात हळूहळू तापवा, नाहीतर ते तडकतं आणि त्या चिरांमधली हवा मण्यात जाते. कांडी स्पिरिटने पुसून घ्या. एकदा उकळलेला गोळा चिमट्याने ओढून टाकून द्या, त्याचा स्वच्छ मणी होत नाही.

रंगशाळा:
फिकेपणाबद्दल. या काचांचा पिवळा बहुतेकदा कॅडमियम सल्फाइडचा असतो. तो पूर्ण वितळून झटकन गार झाला तर फिका राहतो, पुन्हा मंद तापवला की उमलतो. म्हणून आकार झाल्यावर मणी ज्योतीबाहेर फिरवत राहा, लाली पूर्ण जाऊ द्या, मग ज्योतीच्या अगदी टोकाला धरून रंग चढेपर्यंत फिरवा. फार वेळ धरलात तर पारदर्शकपणा जाऊन मणी गढूळ होतो.

पण रंगाचा निर्णय ज्योतीत घेऊ नका. गरम असताना हीच काच नारिंगी-लाल दिसते. शिवाय टॉर्चवर काम करताना घालायचा डिडिमियमचा चष्मा सोडियमचा ५८९ नॅनोमीटरचा पिवळा प्रकाश अडवतो, त्यामुळे त्यातून पिवळा कधीच खरा दिसत नाही. मणी सावकाश गार करायच्या भट्टीतही रंग थोडा गडद होतो, तेवढी सवलत धरून थांबा.

ज्योत_आणि_काच:
तपकिरी कडा म्हणजे रासायनिक क्रिया. फिरोजीत तांबं असतं, पिवळ्यात गंधक. दोघं भेटले की गडद कॉपर सल्फाइड तयार होतं. मध्ये पारदर्शक रंगहीन काचेचा पातळ थर द्या किंवा फिरोजीऐवजी कोबाल्ट निळा वापरा. ज्योतीत गॅस जास्त असेल तर पिवळा धुरकट होतो, तेही तपासा: शंकू आखूड आणि टोकदार असायला हवेत आणि बाहेरची ज्योत पिवळट नको. कॉन्सन्ट्रेटर क्षमतेपेक्षा जास्त लिटरवर लावला तर ऑक्सिजनची शुद्धता उतरते, त्यापेक्षा एलपीजी कमी करा.

मणीकाम_पुणे:
खूप उपयोगी. आत पांढरा गाभा दिला तर पिवळा जास्त उजळ दिसेल का?

रंगशाळा:
हो, आणि पिवळी काचही कमी लागते. ६-७ मिमीचा अपारदर्शक पांढरा गाभा करा, त्यावर सुमारे २ मिमीचा पिवळा थर, म्हणजे मणी १०-११ मिमीचा. हस्तिदंती गाभा टाळा, त्यातही गंधक असतं आणि तो वरच्या फिरोजीला तपकिरी करतो. भट्टीत ५१० अंश सेल्सिअसला तासभर, मग ताशी ६० अंशांनी ३७० पर्यंत उतरवा, नंतर भट्टी आपोआप गार होऊ द्या. भोकातला बीड रिलीज (मणी सळीला चिकटू नये म्हणून लावलेला लेप) हिऱ्याच्या रिमरने, म्हणजे भोक घासायच्या बारीक कानशीने, पाण्यातच काढा. कॅडमियमयुक्त काचेची कोरडी पूड श्वासात जाता कामा नये.