पेटीचा एक सूर न दाबता वाजतोय. रविवारचा समूहगानाचा कार्यक्रम पुढे ढकलावा का?

धंतोली_कोरस
येत्या रविवारी संध्याकाळी नागपुरात सिव्हिल लाइन्सच्या सभागृहात ३२ जणांचं समूहगान आहे. साथीला पेटी, तबला, बासरी. स्केल काळी एक, म्हणजे आमचा सा तिथे. पेटी स्केल चेंजर (पट्ट्या सरकवून सा बदलता येणारी), पितळी सुरांच्या तीन संचांची (खर्ज, नर, मादी), कपलरसह (एक पट्टी दाबली की दुसऱ्या सप्तकातलीही दाबणारी तारांची जोडणी). सोमवारच्या तालमीपासून मधल्या सप्तकातली काळी चार, म्हणजे आमचा नेमका पंचम, भाता भरला की आपोआप वाजतो. भाताही पूर्वीपेक्षा लवकर बसतो. पेटी उन्हाळाभर कूलरच्या खिडकीला लागून होती. आज मंगळवार. दुरुस्ती, दुसरी पेटी, की तारीखच बदलावी? निमंत्रणं गेली आहेत.

भाता_आणि_सूर
तारखेचं नंतर बघा, आधी दोष कुठे आहे ते ठरवा. दहा मिनिटांचं काम आहे.

सगळ्यात आधी कपलर बंद करा. सूर थांबला तर कपलरची तार अडकतेय, विषय संपला. स्केल बदलताना सरकणारी पट्ट्यांची चौकट खाचेत पूर्ण बसली आहे का तेही पाहा. ती अर्धवट राहिली की शेजारचे दोन सूर एकदम उघडतात आणि लोक पेटी बिघडली म्हणून घाबरतात.

तरीही वाजत असेल, तर भाता सैल सोडून स्केल एक घर सरकवा आणि पुन्हा हवा भरा. वाजणारा स्वर तोच राहिला, तर दोष खाली आहे: सुरावरच्या भोकाचं झाकण नीट बसत नाही. स्वर अर्ध्या सुराने सरकला, तर दोष वरच्या पट्टीत आहे, कारण स्केल चेंजरमध्ये पट्ट्या आणि झाकणं वेगवेगळी असतात. साध्या पेटीत ही परीक्षा होत नाही.

पट्टीचा दोष असेल तर ती फुगून शेजारणीला किंवा मार्गदर्शक खिळ्याला घासतेय. खिळ्यावर मऊ पेन्सिलीचं शिसं घासा, बहुतेकदा तेवढ्यावर भागतं. तेल लावू नका. लाकूड ते पितं आणि धूळ चिकटवतं. झाकणाचा दोष असेल तर बोटाने हलकेच दाबून पाहा. आवाज थांबला तर स्प्रिंग सैल झाली आहे, ती जरा वाकवून ताण वाढवता येतो. नाही थांबला तर चामड्याखाली कचरा आहे किंवा चामडं ओलीने वाकलं आहे. कचरा मऊ ब्रशने काढा, तोंडाने फुंकू नका. श्वासातला दमट वारा थेट पितळेच्या जिभांवर जातो.

भात्याचं वेगळं तपासा. सगळे स्टॉप (समोरच्या ओढायच्या खुंट्या) बंद करून हवा भरा. भाता टिकला तर गळती झाकणांतून आहे आणि पंचम बसला की तीही कमी होईल. स्टॉप बंद असूनही दोन-तीन सेकंदांत बसला तर भात्याच्या कोपऱ्यांवर गाल धरा, वारा लागतो. तिथे पातळ चामड्याची ठिगळ फेविकॉलने लावून रात्रभर सुकू द्या.

मृदंगी
एक भर घालतो. पट्टी फुगली म्हणून लगेच सँडपेपर चालवू नका भाऊ. आपल्याकडे मेमध्ये पारा ४५ च्या आसपास आणि हवा ठणठणीत कोरडी, मग जूनअखेर एकदम ओल. कूलरजवळच्या पेटीला तर पावसाळा मेमध्येच सुरू होतो. आत्ता घासलेली पट्टी पुढच्या उन्हाळ्यात लटपटेल. पेटी बंद कपाटात सिलिका जेलच्या पाव किलो पुड्यांसोबत दोन दिवस ठेवा. हेअर ड्रायर किंवा ऊन अजिबात नको. फळी एका बाजूने सुकून तडकते आणि मग खरंच महिनाभर काम निघतं.

धंतोली_कोरस
स्केल सरकवलं, स्वर तोच राहिला. म्हणजे झाकण. बोटाने दाबूनही पूर्ण थांबत नाही. चामडं एका कडेने वर आलेलं दिसतंय. स्टॉप बंद केल्यावर भाता टिकतो.

भाता_आणि_सूर
मग भात्याला हात लावू नका. चामडं बदलायला अनुभवी माणूस हवा, पण काम अर्ध्या दिवसाचं आहे. माणूस शनिवारपर्यंत मिळाला नाही तर तात्पुरता इलाज: झाकण उचलून त्या भोकावर कागदी चिकटपट्टी लावा. तेवढा एक स्वर मुका होईल, बाकी सगळं वाजेल. पंचम मुका ठेवून काळी एकमध्ये गाता येणार नाही, पण पांढरी दोनमध्ये गेलात तर तोच स्वर तीव्र मध्यम होतो. यमनच्या अंगाची गाणी सोडली तर कुणाला कळणारही नाही. (कोणी म्हणेल, काळी एकमध्येच गा, पंचम वाजू द्या की, तंबोऱ्याचं काम होईल. शुद्ध मध्यमावर थांबणारी पहिली ओळ आली की त्याला कळेल.)

मृदंगी
स्केल बदलताना तबल्याचं फारसं अडत नाही, काळी एकचा साडेपाच इंची दाया (उजवा तबला) गठ्ठे, म्हणजे बाजूचे लाकडी ठोकळे, ठोकून अर्धा सूर चढतो. बासरीचं मात्र अडेल. ती दुसऱ्या मापाचीच लागेल, तेव्हा बासरीवाल्याला आजच फोन करा. एसी हॉल असेल तर बासरी तिथेच किमान अर्धा तास ठेवून मग जुळवा; हवा थंड झाली की ती साधारण दर अंशाला ३ सेंट (अर्ध्या सुराचे शंभर सेंट) उतरते. पितळी सूर इतके हलत नाहीत, त्यामुळे दोघांचं फाटतं.

उसनी पेटी आणणार असाल तर ती ४४० ला (मधली पांढरी सहा सेकंदाला ४४० कंपनांवर) आहे का ट्यूनर अ‍ॅपवर पाहा. ४४० आणि ४४३ च्या दोन पेट्या एकत्र वाजवल्या तर त्याच पांढरी सहावर सेकंदाला तीन हेलकावे ऐकू येतात. एकटी वाजत असेल तर ४४३ चालेल, तबला-बासरी तिच्याशी जुळवा.

तिसरी_घंटा
ढकलायचंच असेल तर गुरुवारी रात्रीपर्यंत ठरवा, त्यानंतर बाहेरगावच्या लोकांना निरोप पोचत नाही. पण पंचांग उघडून बघा. पुढे पोळा, दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक, इतवारी-महालात गाडी शिरत नाही. लगेच गणपती, तबलजी आणि साउंडवाले दोन्ही बुक. मग पितृपक्ष, प्रायोजक हात आखडतात. म्हणजे आठवडाभर नव्हे, थेट नवरात्रानंतर. एका चामड्यासाठी एवढं नको. निरोप द्यावाच लागला तर कारण, नवी तारीख आणि जुन्या प्रवेशिका चालतील की नाही, हे तिन्ही पहिल्याच संदेशात लिहा. ‘तांत्रिक कारणास्तव’ एवढंच लिहिलंत तर शंभर फोन येतील.

धंतोली_कोरस
चामड्यासाठी माणूस उद्या सकाळी येतोय. बासरीवाल्यांकडे पांढरी दोनची बासरी आहे, ती सोबत आणायला सांगितली. तारीख तूर्त तीच.