सर्जरीनंतर केस जाताहेत, काहीतरी सांगा (मदत हवी आहे)

सईची_आई
सरळ मुद्द्यावर येते. केस पुंजक्या-पुंजक्यांनी जाताहेत. कंगव्यात, मोरीच्या जाळीवर, आणि काल तर भाकरी थापताना परातीत. भांग एवढा रुंद झालाय की टाळू दिसते. तेलं झाली, शाम्पू झाले. डॉक्टर "होतं असं, येतील परत" म्हणतात आणि पुढच्या पेशंटला आत बोलावतात. तुळशीच्या लग्नानंतर घरात लग्न आहे. नेमकं काय घ्यायचं ते सांगा. "टेन्शन घेऊ नका" हे लिहू नका, ते घरचे रोज सांगतात.

वाटसरू_७२
कसली सर्जरी?

पाटावरची_पुरी
कांद्याचा रस. आठवड्यातून दोनदा, अर्धा तास ठेवून धुवायचा. जोडीला खोबरेल तेलात जास्वंद उकळून. आमच्या आत्याचे केस सत्तरीतही कमरेपर्यंत होते.

सईची_आई
वजनाची सर्जरी, आणखी कसली! कांदा लावून झालाय. नवरा दुसऱ्या खोलीत झोपायला गेला, केसांना काही फरक नाही.

नीलपाखरू
अहो, शीर्षकात नुसतं "सर्जरी" आहे. स्लीव्ह, म्हणजे नुसतं पोट कापून लहान केलं, की बायपास, म्हणजे पोट लहान करून आतडंही वळवलं? कधी झाली? दिवसाला प्रोटीन किती जातं? ते कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

सईची_आई
स्लीव्ह. जूनमध्ये. २६ किलो उतरलं. केस गणपतीत जायला लागले. खाणं नीट आहे, रोज वरण खाते.

चकचकीत
मिनॉक्सिडिल ५ टक्के, रात्री लावा, विषय संपला. मी वापरतोय.

नीलपाखरू
@चकचकीत, तुमचं आणि यांचं दुखणं वेगळं आहे. पुरुषांचं टक्कल आनुवंशिक असतं, मुळं हळूहळू बारीक होत जातात. इथे मुळं शाबूत आहेत. शिवाय मिनॉक्सिडिलने सुरुवातीला केस आणखी गळू शकतात. तोंडावर लग्न आलंय, आणि हा नवा घोळ कशाला?

सईची आई, माझं बायपास झालंय, म्हणून सविस्तर लिहिते. एरवी डोक्यावरचे दहातले साधारण नऊ केस वाढत असतात, उरलेले विश्रांतीत. ऑपरेशन, भूल, एकदम तुटलेलं खाणं आणि भराभर उतरणारं वजन, एवढा धक्का बसला की बरेच केस एकदमच विश्रांतीत जातात. ते दोन-तीन महिने तसेच डोक्यावर राहतात आणि मग गळतात. म्हणून जूनचं गणपतीत दिसलं. याला टेलोजेन एफ्लुवियम म्हणतात. गळती साधारण तीन ते सहा महिने चालते. केस महिन्याला जेमतेम एक सेंटीमीटर वाढतो, त्यामुळे नवे आले तरी आरशात दिसायला वेळ लागतो. कपाळावर बारीक, उभे राहणारे केस दिसले की समजा परत येताहेत.

पण वरणावर भागणार नाही. आपल्याला रोज ६० ते ८० ग्रॅम प्रोटीन सांगतात. वाटीभर वरणात पाच-सहा ग्रॅम, आणि आता तुम्हाला ती वाटीही पुरी जात नसेल. ताटात आधी अंडं, पनीर, मासे किंवा सोया, मग भाजी, भाकरी शेवटी. उरलेलं व्हे पावडरीने (दुधापासूनची प्रोटीन पावडर) भरून काढा. ताकात घातली तर मला तरी गिळवते.

सडेतोड_सदा
मुळात पोट कापून घ्यायची गरज काय होती? रोज सूर्यनमस्कार घातले असते तर ही वेळच आली नसती.

नीलपाखरू
सदाभाऊ, धागा केसांचा आहे.

सईची_आई
शुगर चारशेच्या घरात होती आणि गुडघे धरले होते. घालून दाखवते तेव्हाचे सूर्यनमस्कार.

पॉलिसीवाले_काका
बऱ्याच जणांना माहीत नसतं म्हणून सांगतो. ही सर्जरी मेडिक्लेममध्ये बसते. बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ४० किंवा जास्त हवा, नाहीतर ३५ किंवा जास्त आणि सोबत गंभीर आजार. प्रतीक्षा काळ मात्र तपासून घ्या.

वाटसरू_७२
काका, सर्जरी होऊन गेली त्यांची.

पॉलिसीवाले_काका
पुढच्यांना उपयोगी पडेल.

टेस्टट्यूब
लॅबमध्ये काम करते. फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), बी१२, डी आणि झिंक तपासलंत का? नुसतं हिमोग्लोबिन बघून चालत नाही. आणि सध्या गोळ्या कुठल्या, कशा घेताय?

सईची_आई
मल्टिव्हिटामिन, कॅल्शियम, लोह. सगळ्या सकाळी चहाबरोबर एकदम, विसरायला नको म्हणून. शिवाय मैत्रिणीने दिलेलं बायोटिन (केसांसाठी घेतात ते बी७ जीवनसत्त्व), १० मिलिग्रॅमचं. थायरॉइडपण परवा गडबड निघाला, टीएसएच (थायरॉइडला चालवणारं संप्रेरक) एकदम खाली. त्यानेच केस जाताहेत का?

टेस्टट्यूब
थांबा! बायोटिनच्या एवढ्या डोसने काही मशीनवर थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येतो. टीएसएच खोटाच कमी, टी४ (थायरॉइडचं स्वतःचं संप्रेरक) खोटाच जास्त. डॉक्टरांना बायोटिनबद्दल सांगा, त्यांना विचारून काही दिवस बंद ठेवा आणि मग पुन्हा रक्त द्या. त्याआधी थायरॉइडची गोळी सुरू करू नका. अंगात कमतरता नसेल तर बायोटिनने केस येतात याला फारसा आधारही नाही. लोह आणि कॅल्शियम यांत निदान दोन तासांचं अंतर हवं, आणि लोह चहाबरोबर तर अजिबात नाही.

पाटावरची_पुरी
झिंकच्या गोळ्या मात्र चालू करा, मला फार गुण आला.

टेस्टट्यूब
तपासल्याशिवाय नको. झिंक जास्त झालं की तांबं कमी होतं, ते दुखणं निराळंच. आणि सईची आई, उलट्या होत असतील तर धाग्यावर थांबू नका, सर्जनला आजच फोन करा. त्यात बी१ खाली जातं आणि ते नसांवर येतं.

सईची_आई
उलट्या नाहीत. फेरिटिन आलं, ८, म्हणजे फारच कमी. सर्जनकडच्या डाएटिशियनने लोहाची गोळी बदलली, रात्री घ्यायला सांगितली. प्रोटीन मोजलं तर तिने कपाळाला हात लावला. ते सगळं करते. पण लग्नात काय करू ते कोणीच सांगितलं नाही!

ब्युटीपार्लरची_ताई
केराटिन आणि स्मूदनिंग (केस सरळ-चकचकीत करायच्या ट्रीटमेंट), दोन्ही नको. घट्ट अंबाडा नको, मुळं ओढली जातात. भांग मधून न पाडता बाजूला वेडावाकडा पाडा, मागे सैल बुचडा आणि त्यावर गजरा. भांगाच्या जागी हेअर फायबर मिळतं, पावडरसारखं, केसांच्या रंगाचं. कोरड्या केसांवर भुरभुरायचं आणि वरून स्प्रे मारायचा.

सईची_आई
घामाने ओघळतं का? हॉलला एसी नाही.

ब्युटीपार्लरची_ताई
थोड्या घामाने नाही. रुमालाने पुसू नका, टिपून घ्या. आणि लग्नाच्या आधी एकदा घरी लावून बघा, रंग जुळतो का ते उन्हात बघायचं.