ट्रॉलरचं इंजिन बदलायचंय: मेकॅनिकल पंप की कॉमन रेल?

हर्णैचा_तांडेल: ४५ फुटी लाकडी ट्रॉलर. आताचं ट्रकच्या ब्लॉकवरचं ६ सिलिंडर इंजिन जाळं ओढताना काळा धूर सोडतं, १८०० ऐवजी १६५० आरपीएमच्या वर चढत नाही. १ जूनला पावसाळी मासेमारी बंदी लागली की काम काढणार. तेच रिकंडिशन करू, नवं यानमार घेऊ, की स्वस्तातलं चिनी कॉमन रेल (मेकॅनिकल पंपाऐवजी इलेक्ट्रॉनिक्सवर डिझेल फवारणारं)? पार्टचं कुठे अडणार नाही?

डिझेल_मिस्त्री: भाऊ, आधी इंजिनावर आळ घेऊ नका. काळा धूर आणि कमी आरपीएम म्हणजे बहुतेक वेळा लोड जास्त. तळाला शेवाळ-शिंपले आहेत का, पंख्याला (प्रॉपेलरला) दोर गुंडाळलाय का, पंखा मध्ये कधी बदलला का, ते बघा. मग एअर फिल्टर, टर्बो आणि डिझेल फवारणारे नोझल. जाळं न टाकता फुल थ्रॉटलला पूर्ण आरपीएम मिळालेच पाहिजेत. तिथेही अडलं तर पंख्याची पिच (पात्यांचा तिरकेपणा) जास्त असू शकते. नवं इंजिनही त्याच पंख्यावर तसंच धापा टाकेल.
धूर निळा असेल आणि ब्रीदरमधून (इंजिनाच्या हवा सोडायच्या नळीतून) जोरात वाफ येत असेल, तरच रिंगा-लायनरचं बघू.

खाडीवरचा: पार्टबद्दल बोलायचं तर लेलँडच्या ब्लॉकचे लायनर, रिंगा, बेअरिंग ट्रकच्या दुकानातही मिळतात. अडतं ते खाऱ्या पाण्याच्या बाजूला: सी-वॉटर पंप, हीट एक्स्चेंजर (खाऱ्या पाण्याने इंजिनाचं पाणी थंड करणारा), पाण्याने थंड होणारा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड. यांची जुळणी करणारा प्रत्येकजण वेगळे पार्ट लावतो. घेण्याआधी इम्पेलरचा (सी-वॉटर पंपातल्या रबरी पात्यांच्या चाकाचा) नंबर विचारा आणि तो किनाऱ्यावर कुठे मिळतो ते स्वतः बघून या.
यानमार चांगलं, पण पार्ट महाग आणि दुकानं मोजकी. इम्पेलर, बेल्ट, फिल्टर, गॅस्केट घेतानाच जास्तीचे घ्या.

डिझेल_मिस्त्री: कॉमन रेलला माझा विरोध नाही, डिझेल कमी पितं. पण डिझेलमधल्या पाण्याचा एक घोट नोझल खराब करतो, आणि खारी हवा ईसीयूच्या (इंजिनाच्या कॉम्प्युटरच्या) कनेक्टरांना खाते. टाकीच्या तळातलं पाणी रोज काढायला खलाशी लावणार असाल आणि वॉटर सेपरेटर दुहेरी, मध्ये व्हॉल्व्हसह बसवणार असाल, तरच घ्या. समुद्रात बिघाड शोधायला लॅपटॉप घेऊन कोण येणार?

हर्णैचा_तांडेल: आता तापमानही थोडं वर जातंय.

खाडीवरचा: मग इम्पेलर उघडाच. पातं तुटलं असेल तर नवा बसवून थांबू नका, तुकडे मोजा; उरलेला तुकडा एक्स्चेंजरच्या तोंडाशी अडकलेला असतो आणि नव्या इम्पेलरनंतरही गरमी तशीच राहते. पंपाखालच्या बारीक भोकातून पाणी ठिबकलं तर वॉटर सील गेलंय, तेल ठिबकलं तर ऑइल सील. झिंक (गंज स्वतःवर घेणारा जस्ताचा तुकडा) अर्धं झिजलं की बदला.
बंदीत ठेवताना तेल आधी बदला, ऑगस्टवर ढकलू नका. जुन्या तेलातलं आम्ल दोन महिने बेअरिंग खात बसतं. खारी बाजू गोड्या पाण्याने धुवा, इम्पेलर काढून ठेवा, टाकी भरलेली ठेवा आणि एक्झॉस्टचं तोंड झाकून त्यावर खूण बांधा, नाहीतर ऑगस्टमध्ये कोणीतरी बूच तसंच ठेवून स्टार्टर मारेल.

डिझेल_मिस्त्री: गिअरबॉक्सचं तेलही बघा हो. ताकासारखं पांढरं दिसलं तर त्यात पाणी शिरलंय, बहुतेक ऑइल कूलर फुटलाय.