ए विंगचा ग्रुप: रविवारी कमोड बदलतोय

निखिल (३०२): नमस्कार मंडळी. रविवारी मोठ्या बाथरूममधला कमोड बदलतोय. मी स्वतःच. सकाळी थोडी ठोकठोक होईल, सांभाळून घ्या.

मंदार (४०४): स्वतः म्हणजे प्लंबरच्या शेजारी उभं राहून?

निखिल: स्वतः म्हणजे स्वतः. प्लंबर "उद्या येतो" म्हणून जो गेलाय तो गेलाच. भांड्याला बुडाशी तडा गेलाय, किती थांबू?

जोशी काकू (२०२): निखिल, तुझं बाथरूम आमच्या बाथरूमच्या बरोब्बर वर आहे. आत्ताच रंग काढलाय आम्ही. तू इंजिनिअर आहेस मान्य, पण सॉफ्टवेअरचा ना रे?

निखिल: काकू, फरशी फोडत नाहीये. जुना उचलायचा आणि त्याच भोकावर नवा ठेवायचा.

देशमुख काका (५०१): नवा विकत घेतलास का?

निखिल: बोहरी आळीत बघून आलोय काका. उद्या आणणार.

देशमुख काका: आणू नकोस. आधी जुना उचल, भोक उघडं कर, माप घे, मग दुकानात जा. तुझं आउटलेट जमिनीत आहे की भिंतीत?

निखिल: जमिनीत.

देशमुख काका: म्हणजे एस ट्रॅप. भिंतीच्या टाइलपासून पाइपच्या मध्यापर्यंत किती अंतर आहे ते मोज. टाइलपासून, स्कर्टिंगपासून नव्हे. बाजारात साधारण ४, ९ आणि १२ इंचांचे मिळतात. तुझं भोक ९ वर असेल आणि तू १२ चा आणलास तर टाकी भिंतीत घुसवावी लागेल. उलट झालं तर मागे ३ इंचांची फट राहील आणि तिथे झुरळं नांदतील. दुकानदार "बसतो हो साहेब" म्हणतो, पण बसवायला तो येत नाही. ज्यांचं आउटलेट भिंतीत आहे त्यांनी पी ट्रॅप घ्यायचा, तिथे जमिनीपासूनची उंची बघावी लागते.

मंदार: काका आज फॉर्मात.

देशमुख काका: साइटवर आयुष्य गेलंय बाबा. निखिल, जुना सिमेंटमध्ये बसवलेला असणार. छिन्नी हलक्या हाताने, कडेकडेने. आपल्या बिल्डिंगचे जुने पाइप बीडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे आहेत, हातोडा लागला तर तडकतात, आणि मग प्रश्न तुझ्या एकट्याचा राहत नाही. भांडं निघालं की लगेच भोकात चिंधीचा बोळा घाल. ड्रेनेजचा गॅस वर येत नाही, सिमेंटचे तुकडे आत पडत नाहीत. बोळ्याला सुतळी बांधून टोक बाहेर ठेव.

जोशी काकू: आणि ड्रिल मारल्यावर आमच्याकडे पाणी येणार नाही कशावरून?

देशमुख काका: वहिनी, खाली कोबा आहे, स्लॅब त्याच्याही खाली. बोल्टची भोकं दोन-अडीच इंचांच्या वर जात नाहीत. तुमच्याकडे मागे जे पोपडे निघाले ते बहुतेक नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे जमिनीतल्या जाळीच्या कडेने मुरलेलं पाणी. कमोडला उगाच बोल लावू नका. निखिल, टाइल पार होईपर्यंत हॅमर मोड बंद ठेव, आणि बोल्ट पिळू नकोस. भांडं हलायचं थांबलं की पुरे. पिळलं की तडकतं, पैसे पाण्यात.

निखिल: बुडाशी व्हाइट सिमेंट भरू की सिलिकॉन?

देशमुख काका: सिलिकॉन, पण फरशी पूर्ण कोरडी हवी. आधी दोन-चारदा फ्लश करून भोवती टिश्यू फिरव, ओला लागला तर जोड परत बघ. सिलिकॉन लावल्यावर २४ तास वापर नाही. मागच्या बाजूला दोन इंच मोकळे सोड.

मंदार: मोकळे? आमच्याकडे प्लंबरने चौफेर बंद केलंय.

देशमुख काका: चौफेर बंद केलं की गळती दिसत नाही, आतल्या आत मुरते. मोकळं ठेवलं तर पाणी आधी निखिलच्या फरशीवर दिसेल, वहिनींच्या छतावर नाही.

जोशी काकू: मोकळंच ठेव रे.

प्राजक्ता (१०३): काका, आमचं इंडियन आहे. सासूबाईंचे गुडघे गेलेत. तिथे कमोड आम्हालाच बसवता येईल का?

देशमुख काका: नाही. इंडियन भांडं फरशीत पुरलेलं असतं. ते काढायचं म्हणजे कोबा फोडायचा, ट्रॅप बदलायचा, वॉटरप्रूफिंग परत करायचं. चांगला माणूस लाव आणि टाइल बसवण्याआधी पाणी भरून ठेवून गळती बघायला लाव. तोवर भांड्यावर ठेवायची कमोड खुर्ची आण, त्यांची आजची अडचण भागेल.

सेक्रेटरी: फोडाफोड असेल तर कमिटीला लेखी कळवावे. बायलॉजप्रमाणे शौचालयाची अंतर्गत गळती सभासदाने स्वखर्चाने दुरुस्त करायची आहे. राडारोडा पार्किंगमध्ये ठेवू नये. जुना कमोडसुद्धा राडारोडाच धरला जाईल. मागच्या वर्षीचा एक अजून जिन्याखाली आहे, कोणाचा ते सर्वांना ठाऊक आहे.

मंदार: त्यात तुळस लावायचा विचार होता.

मंदारची बायको (४०४): अजिबात नव्हता.

देशमुख काका: आणखी एक, सगळ्यांसाठीच. टाकीत खायचा रंग टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर आतला वॉशर गेलाय, दिवसभर पाणी वाया जातंय. टँकरच्या बिलावर मीटिंगमध्ये तासभर भांडण्यापेक्षा हे करा. निखिल, ड्युअल फ्लशच घे, ३ आणि ६ लिटरचा. जुन्या टाक्या एका वेळी १० लिटरच्या वर पाणी सोडतात.

निखिल: घेतो. काका, टाकीला पाणी देणारा अँगल कॉक फिरतच नाहीये. क्षार जमलेत.

देशमुख काका: जोर लावू नकोस, मोडून हातात येईल. गच्चीवरून लाइन बंद करून कॉकही नवा टाक, आट्यांवर टेफ्लॉन टेप नीट गुंडाळ.

सेक्रेटरी: गच्चीवरचा कॉक बंद केला तर १०२ ते ५०२, सगळ्यांच्या मोठ्या बाथरूमचं पाणी जाईल.

जोशी काकू: रविवारी आमच्याकडे केळवण आहे! पंधरा माणसं जेवायला. रविवारी पाणी बंद चालणार नाही.

निखिल: मग शनिवारी. तसंही माप घ्यायला जुना आधीच काढायचाय. शनिवारी सकाळी ९ ते ११, ०२ नंबरच्या सगळ्या घरांना मोठ्या बाथरूममध्ये पाणी नाही. बादल्या भरून ठेवा. रविवारी ड्रिल केळवण आटोपल्यावर. मंदार, गच्चीची किल्ली तुझ्याकडे आहे ना?