सॅकची कुरकुर: तेल नको, आधी जागा शोधा

ट्रेकिंगची सॅक चालताना कुरकुरली की सांध्यांवर तेल सोडा, असं काहीजण सुचवतात. ते अजिबात करू नका. तेलाला धूळ चिकटते आणि आवाज पुन्हा सुरू होतो; शिवाय कापडावर डाग पडतात ते वेगळेच.

आधी आवाजाची जागा पक्की करा. नेहमीइतकं वजन भरून सॅक पाठीवर घ्या, चालत राहा आणि सोबत्याला एकेक सांधा हाताने दाबून धरायला सांगा. जो दाबल्यावर आवाज थांबतो, तोच दोषी. रिकामी सॅक हलवून बघण्यात अर्थ नाही, कारण घर्षण वजनामुळेच होतं. बहुतेकदा कमरपट्टा पाठीच्या पॅडवर घासत असतो, नाहीतर फ्रेमच्या (सॅक ताठ ठेवणाऱ्या सांगाड्याच्या) दांडीचं टोक ती बसते त्या खाचेत.

मग दांडी काढून पुसा, खाचेतली माती ब्रशने झाडा, सगळं पूर्ण वाळू द्या. पुष्कळदा एवढ्यावरच भागतं! नाही भागलं तर कापडावर कापड घासतं तिथे टाल्कम पावडर, प्लास्टिक किंवा धातू घासतो तिथे मेणबत्तीचं मेण किंवा कोरडा सिलिकॉन स्प्रे. पावडर पावसात धुऊन जाते, पुन्हा लावावी लागते.

दांडी वाकलेली किंवा खाचेची शिवण उसवलेली दिसली, तर मात्र आवाज राहू दे, आधी ती दुरुस्ती करून घ्या.